स्ट्रॅट, टेली की लेस पॉल? एका दुरुस्तीवाल्याचं उत्तर

प्रश्न असा होता: "वय २३. साठ-पासष्ट हजार जमवलेत. डेव्हिड गिल्मोर आवडतो आणि स्लॅशही. मित्रांचा बँड आहे, शिवाय गणपती-नवरात्रात ऑर्केस्ट्रात वाजवतो. टेलिकास्टर, स्ट्रॅटोकास्टर, लेस पॉल, एसजी, ३३५ यांत नेमका फरक काय? मोठे वादक याच का वाजवतात? आणि मी काय घेऊ?"

वय लिहिलंयस म्हणून अरे-तुरे करतो. वादक म्हणून मी बेताचाच आहे, पण सत्तावीस वर्षं पुण्यात गिटारी दुरुस्त करतोय आणि या पाचही जाती (पहिल्या दोन फेंडर कंपनीच्या, बाकीच्या तीन गिब्सनच्या) उघडून आतल्या वायरींसकट पाहिल्या आहेत. तेव्हा उत्तर सोल्डरिंगच्या टेबलावरून देतोय असं समज.

आधी मधला प्रश्न घेतो, कारण सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

तुला पिंक फ्लॉइडचा गिल्मोर आवडतो, म्हणजे तुझ्या डोक्यात ती काळी स्ट्रॅट असणार. १९७० साली न्यूयॉर्कमध्ये घेतलेली, २०१९ च्या लिलावात जवळजवळ ४० लाख डॉलरला गेलेली. पण 'अनदर ब्रिक इन द वॉल'च्या दुसऱ्या भागातला त्याचा सोलो, जो तू शंभरदा तरी ऐकला असशील, तो स्ट्रॅटवर वाजवलेलाच नाही. ती १९५५ ची सोनेरी लेस पॉल आहे. उलट, जिमी पेज म्हटलं की कमरेच्या खाली लोंबणारी लेस पॉल आठवते. पण 'स्टेअरवे टू हेवन'मधला सोलो टेलिकास्टरवरचा. लेड झेपलिनच्या पहिल्या अल्बमवरही मुख्यतः तीच टेलिकास्टर आहे, जेफ बेकने त्याला दिलेली. आणि स्लॅश? गन्स अँड रोझेसच्या १९८७ च्या पहिल्या अल्बमवर त्याने वाजवलेली लेस पॉल गिब्सनची नव्हतीच. क्रिस डेरिग नावाच्या कारागिराने हाताने केलेली ती हुबेहूब नक्कल होती. त्या आवाजामुळे गिब्सनच्या किती गिटारी खपल्या असतील कोण जाणे.

म्हणजे ज्यांचे कान तयार आहेत अशा लोकांनाही नुसत्या रेकॉर्डवरून मॉडेल ओळखता येत नाही. मग हे वादक ठरावीक गिटारींना का चिकटले? बऱ्याचदा कारण अगदी साधं निघतं: त्या दिवशी तीच हाताशी होती.

टोनी आयोमीचं बघ. एसजी आणि आयोमी ही जोडी आता देवळातल्या मूर्तीसारखी पक्की झाली आहे. पण १९६९ मध्ये ब्लॅक सबाथचा पहिला अल्बम रेकॉर्ड करायला तो गेला तो स्ट्रॅट घेऊन. तिथे तिचा पिकअप (तारेच्या कंपाची वीज करणारा भाग) बंद पडला, म्हणून जोडीला ठेवलेली एसजी त्याने काढली आणि ती कायमची राहिली. त्याआधी कारखान्यात पत्र्याच्या मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली होती. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचाच हात गेला. त्याने वितळवलेल्या प्लास्टिकच्या टोप्या करून बोटांवर बसवल्या, बारीक तारा लावल्या, पुढे सूर उतरवून तारा आणखी ढिल्या केल्या. त्याच्या आवाजातला तो जडपणा या खटपटीतून आलाय. एसजीच्या शिंगांशी त्याचा फारसा संबंध नाही.

एरिक क्लॅप्टनने १९७० मध्ये नॅशव्हिलच्या एका दुकानातून जुन्या स्ट्रॅट एकदम अर्धा डझन उचलल्या, कारण तेव्हा त्या कोणाला नको होत्या. तीन मित्रांना वाटल्या आणि उरलेल्या तिघींचे चांगले भाग जोडून एक केली. हीच ती 'ब्लॅकी', जी २००४ मध्ये साडेनऊ लाख डॉलरच्या वर विकली गेली. एकीची बॉडी, दुसरीची नेक, तिसरीचे पिकअप. असा जुगाड आपल्याकडे कोणी विकायला आणला तर गिऱ्हाईक नाक मुरडतं.

असं असेल तर फरक काहीच नाही का? आहे, भरपूर आहे. पण तो ऐकणाऱ्यापेक्षा वाजवणाऱ्याच्या हाताला जास्त कळतो, आणि तो लाकडाच्या गूढ कथांपेक्षा फूटपट्टीने मोजता येईल अशा गोष्टींत आहे.

टेलिकास्टरपासून सुरू करू. लिओ फेंडर कॅलिफोर्नियातल्या फुलरटनचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. १९५० मध्ये त्याने जी गिटार बाजारात आणली ती दुरुस्तीवाल्याच्या डोक्यातून निघालेली आहे, हे आमच्यासारख्याला स्क्रू ड्रायव्हर लावताक्षणी कळतं. फळीसारखी सपाट बॉडी, आणि नेक चिकटवलेली नाही तर चार स्क्रूंनी आवळलेली. नेक खराब झाली? चार स्क्रू काढ, दुसरी बसव. त्या काळच्या वाद्य बनवणाऱ्यांना हा प्रकार म्हणजे सुतारकामाचा अपमान वाटला असणार. नावाचाही घोळ झाला: दोन पिकअपवालीला आधी 'ब्रॉडकास्टर' म्हणत, पण ग्रेच कंपनीचे त्याच नावाचे ड्रम होते, त्यांनी हरकत घेतली. मग फेंडरच्या लोकांनी छापून ठेवलेल्या लेबलांवरचा तो शब्द कात्रीने कापून टाकला आणि काही महिने नुसत्या 'फेंडर' लिहिलेल्या गिटारी विकल्या. संग्राहक आज त्यांना 'नोकास्टर' म्हणतात आणि वेड्यासारखे पैसे मोजतात.

टेलीचा आवाज टणक का? तिचा मागचा पिकअप थेट लोखंडी प्लेटवर बसवलेला आहे, तिरका, आणि पातळ तारांची बाजू ब्रिजच्या, म्हणजे घोडीच्या, अगदी जवळ. ब्रिजजवळ तार फार हलत नाही, तिथे खर्जाचा भाग कमी आणि वरचे स्वरांश जास्त मिळतात. आमच्या भाषेत आवाज 'टोचतो'. चांगल्या हातात हे टोचणं गोड लागतं: जेम्स बर्टनची कंट्री संगीताची धाटणी, स्टीव्ह क्रॉपरचे मेंफिसमधले मोजके कॉर्ड, अल्बर्ट कॉलिन्सचे बर्फासारखे थंड फटके. कच्च्या हाताला मात्र ती उघडं पाडते. टेलीवर चूक लपत नाही. जुन्या धाटणीच्या ब्रिजवर सहा तारांना तीनच आधार असतात, दोन तारांत एक, त्यामुळे वरच्या फ्रेटवर (पडद्यांवर) सूर नेहमीच थोडी तडजोड मागतात. कीथ रिचर्ड्सने तर टेलीवर वेगळाच प्रकार केला: सहावी तारच काढून टाकली, उरलेल्या पाच तारा खुल्या जी सुरावटीत (बोट न लावता जी कॉर्ड वाजेल अशा) लावल्या आणि त्यावर रोलिंग स्टोन्सचं अर्धं दुकान चालवलं.

स्ट्रॅटोकास्टर आली १९५४ मध्ये. टेलीची कड छातीत रुतते अशी वादकांची तक्रार होती, म्हणून हिची बॉडी पोटाकडून आणि हाताखालून तासली. तीन पिकअप, आणि मागच्या पोकळीत स्प्रिंगांवर तरंगणारा ब्रिज. त्याच्या दांड्याला लिओने 'ट्रेमोलो' नाव दिलं. वास्तविक ट्रेमोलो म्हणजे आवाजाचा कमी-जास्तपणा आणि सुराचा कंप म्हणजे व्हायब्रेटो. अँपवर त्याने बरोबर उलटी चूक केली. सत्तर वर्षं सगळं जग ती चूक म्हणतंय, मीही म्हणतो.

स्ट्रॅटचा सर्वांत गोड आवाज फेंडरने ठरवून दिलेलाच नव्हता. पिकअप निवडायचा मूळ स्विच तीन खटक्यांचा होता. वादकांना कळलं की तो दोन खटक्यांच्या मधे अडकवला तर दोन पिकअप एकत्र वाजतात आणि काचेसारखा, किंचित नाकातला आवाज येतो. मग कोणी काडी खुपसून, कोणी कागदाची घडी घालून स्विच मधे अडवायचं. कंपनीने पाच खटक्यांचा स्विच दिला तो थेट १९७७ मध्ये. लगेच पुढच्या वर्षी डायर स्ट्रेट्सच्या मार्क नॉफ्लरने 'सुलतान्स ऑफ स्विंग'मध्ये, प्लेक्ट्रमशिवाय नुसत्या बोटांनी, तो मधला आवाज घरोघरी पोचवला.

जिमी हेंड्रिक्सबद्दल एक दुरुस्तीवाल्याचं निरीक्षण. तो डावखुरा. उजव्या हाताची स्ट्रॅट उलटी धरायचा आणि तारा पुन्हा आपल्या क्रमाने लावायचा. त्यामुळे मागचा तिरका पिकअप त्याच्यासाठी उलट्या बाजूला तिरका झाला: जाड तारा ब्रिजजवळ ऐकल्या जातात म्हणून त्या धारदार, पातळ तारा लांबून म्हणून त्या गोल. शिवाय प्रत्येक तारेखालच्या चुंबकाची उंचीही भलत्याच तारेसाठी केलेली. 'हेंड्रिक्सचा आवाज' मागणारी मुलं माझ्याकडे येतात. मी विचारतो, पिकअप उलटा बसवायची तयारी आहे का? अजून एकही हो म्हणालेला नाही.

आता गिब्सन. १९५२ ची पहिली लेस पॉल सोनेरी रंगाची होती आणि तिच्यात पी-९० नावाचे रुंद सिंगल कॉइल पिकअप होते. तू ज्या आवाजाला 'लेस पॉल' म्हणतोस तो १९५७ पासूनचा, कंपनीच्या सेथ लव्हर या इंजिनिअरने केलेल्या हंबकरचा.

हंबकर काय करतो हे नीट समजून घे, कारण तुझ्या गणपतीच्या मंडपाचा त्याच्याशी थेट संबंध आहे. सिंगल कॉइल म्हणजे चुंबकांभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे. वर तार हलली की त्यात वीज निर्माण होते. पण हेच वेटोळं अँटेनासारखं आजूबाजूच्या वायरिंगची गुणगुणही पकडतं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ती 'घूं' तिथली आणि तिच्या वरच्या पटींची असते. लव्हरने दोन वेटोळी शेजारी ठेवली, एकाचं चुंबक आणि जोडणी दुसऱ्याच्या उलट. तारेचा आवाज दोन्हीकडून एकाच दिशेने येतो, त्याची बेरीज होते. बाहेरच्या गुणगुणीला चुंबकाशी देणंघेणं नाही, ती एकीकडून अधिक आणि दुसरीकडून उणे येते आणि वजा होऊन जाते. किंमत एवढीच की तार दोन जागी ऐकली जाते आणि वेढेही जास्त, म्हणून वरची चकाकी थोडी मरते आणि मधला भाग भरतो. फेंडरमध्ये व्हॉल्यूमचा पॉट (बटणाखालचा फिरता रोधक) २५० के, म्हणजे किलोओहमचा आणि गिब्सनमध्ये ५०० के चा असतो तो याचसाठी. मोठा पॉट उरलीसुरली चकाकी गळू देत नाही. पिकअप बदलून पॉट तेच ठेवणारे लोक मग 'आवाज बोदा येतो' म्हणत माझ्याकडे येतात.

काही वर्षांपूर्वी एका मंडळाच्या स्टेजवर मी नुसता ऐकायला म्हणून गेलो होतो. जनरेटरवर सगळं, अर्थिंगचा पत्ता नाही, लायटिंगचे डिमर बाजूलाच. गिटारवाल्या मुलाकडे छान स्ट्रॅट. निवेदक बोलायला लागला आणि मागून 'घूंऽऽ' असा सूर, तंबोऱ्यासारखा अखंड, फक्त बेसूर. मुलगा तारांवर हात ठेवायचा तेव्हा कमी व्हायचं, उचलला की पुन्हा सुरू. मी विंगेतून खुणेने सांगितलं, स्विच दुसऱ्या खटक्यावर टाक. बऱ्याच नव्या स्ट्रॅटमध्ये मधला पिकअप उलट्या वेढ्यांचा असतो, त्यामुळे दुसऱ्या आणि चौथ्या खटक्यावर दोन सिंगल कॉइल मिळून हंबकरसारखं काम करतात. घूं गेली. अख्खा कार्यक्रम त्याने त्या एका खटक्यावर काढला, डिस्टॉर्शनच्या गाण्यांसकट. आणि हो, अशा स्टेजवर माइकला ओठ लावण्याआधी टेस्टर लावून बघत जा. गिटारच्या तारा धरलेल्या हाताला आणि ओठाला मधे जो झटका बसतो तो विनोदाचा विषय नाही.

लेस पॉलचं दुसरं वैशिष्ट्य माझं पोट भरणारं आहे. तिचं डोकं, म्हणजे खुंट्यांचा भाग, नेकला १७ अंश मागे झुकलेलं असतं. नेक आणि डोकं एकाच सरळ फळीतून कापलेलं, त्यामुळे वाकलेल्या जागी लाकडाचे तंतू तिरके तुटलेले. त्यात तिथेच ट्रस रॉडचा (नेकच्या आत तिचा बाक सांभाळणाऱ्या सळीचा) नट बसवायला खोबण कोरलेली. म्हणजे सगळ्यांत जास्त ताण तिथे आणि सगळ्यांत कमी लाकूडही तिथेच. स्टँडवरून मागे पडली की फटाक. गेल्या दिवाळीत एक जण बॅग घेऊन आला. मी चेन उघडली तेव्हा डोकं बॉडीकडे दुमडलेलं, फक्त पुढच्या काळ्या पातळ पापुद्र्यावर लटकलेलं, आणि सहाही तारा अजून गुंफलेल्या. मुलगा तिच्याकडे बघतच नव्हता, भिंतीकडे बघत होता. सुदैवाने चिरफळी लांब होती. अशी लांब चीर स्वच्छ असेल तर लाकडाच्या चांगल्या गोंदाने, शिकंज्यात आवळून, एक दिवस हात न लावता ठेवली की जोड मूळ लाकडापेक्षा पक्का होतो. फक्त घरी झटपट चिकटणारा गोंद ओतून आणू नये. तो तंतूंत शिरला की मग चांगला गोंद धरत नाही आणि माझं काम तिप्पट होतं. फेंडरचं डोकं सरळ रेषेतच असतं, ते टाकलं तरी सहसा मोडत नाही. लिओचा रेडिओवाला हिशोब.

लेस पॉलची तिसरी तार सुरात राहत नाही अशी तक्रार तुझीही होईल. तीन-तीन खुंट्यांच्या डोक्यावर मधल्या तारा नटमधून (इथे नट म्हणजे नेकच्या टोकाचा, तारांच्या खोबणी असलेला आडवा तुकडा) बाहेर पडताना बाजूला वळतात आणि खोबणीत अडकतात. तार खेचून सोडली की ती पूर्ण परत येत नाही. याला नवीन महागड्या खुंट्या लावून उपयोग नाही, नटची खोबण बारीक कानसीने नीट उतरवावी लागते, तार जिकडे वळते त्या बाजूला किंचित उघडून. मिरजेत तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढणारा कारागीर जसा एक हात फिरवतो, ऐकतो, पुन्हा फिरवतो, तसंच काम. फक्त तिथे आवाज फुलवायचा असतो, इथे तारेला वाट करून द्यायची असते.

गंमत म्हणजे १९५८ ते ६० मधल्या ज्या सनबर्स्ट लेस पॉलसाठी आज बंगल्याची किंमत मोजतात, त्या तेव्हा खपल्या नाहीत. १९६१ मध्ये गिब्सनने आकार बदलून पातळ, दोन शिंगांची गिटार काढली, तीच एसजी. मग १९६६ मध्ये जॉन मेयॉलच्या बँडमधून क्लॅप्टनची लेस पॉल मार्शल अँपवर गर्जली आणि इंग्लंडमधली पोरं जुन्या लेस पॉल शोधत फिरू लागली. कंपनीला १९६८ मध्ये त्या पुन्हा बनवायला लागल्या. क्लॅप्टनची ती गिटार तोवर चोरीला गेली होती.

पीटर ग्रीनच्या १९५९ च्या लेस पॉलचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिच्या एका पिकअपमधलं चुंबक उलटं बसलं होतं. त्यामुळे दोन्ही पिकअप एकत्र लावले की आवाज एकमेकांना खोडतात आणि पोकळ, नाक चोंदल्यासारखा सूर उरतो. आमच्या भाषेत ही चूक. ग्रीनने त्या चुकीवर फ्लीटवुड मॅकमधलं आपलं अजरामर काम केलं. पुढे ती गॅरी मूरकडे गेली, आता मेटॅलिकाच्या कर्क हॅमेटकडे आहे. हा आवाज हवा असेल तर चुंबक उलटवायला मला अर्धा तास लागतो. ग्रीनचा तारेवरचा संयम मात्र माझ्याकडे मिळत नाही.

एसजीबद्दल फार नाही. हलकी, वरच्या फ्रेटपर्यंत हात सहज पोचतो, पण नेक जड असल्याने पट्ट्यावर सोडली की डोकं जमिनीकडे झुकतं. पट्टा खरखरीत कातड्याचा घेतला की थांबते. एसी/डीसीचा अँगस यंग तिच्यासकट स्टेजभर धावतो, आणि सिस्टर रोझेटा थार्प पांढरी एसजी घेऊन चर्चमधलं गाणं असं वाजवायची की ते व्हिडिओ तू आज रात्रीच बघ.

३३५ मात्र वेगळं प्रकरण आहे. १९५८ ची. वरून पोकळ वाटते, पण मधोमध लाकडाचा ठोकळा असतो, बाजूचे पंख तेवढे पोकळ. पूर्ण पोकळ गिटार मोठ्या अँपसमोर शिट्टी मारते. ठोकळ्यामुळे ते आवाक्यात येतं. बी. बी. किंगची 'ल्युसिल' याच कुळातली, बहुतेकदा ३५५. हे नाव १९४९ चं: आर्कान्सामधल्या ट्विस्ट गावी नाचाच्या हॉलमध्ये मारामारीत रॉकेल पेटवलेलं पिंप लवंडलं, आग लागली, किंग बाहेर पळाला आणि गिटारसाठी पुन्हा आत गेला. भांडण ल्युसिल नावाच्या बाईवरून होतं हे नंतर कळलं. १९८० पासून त्याच्या नावाच्या मॉडेलला गिब्सनने वरची 'एफ' छिद्रंच ठेवली नाहीत, शिट्टी आणखी कमी व्हावी म्हणून. मला त्या छिद्रांविषयी प्रेमही आहे आणि द्वेषही आहे. ३३५ ला मागे झाकण नसतं. आतला पॉट खराब झाला की सगळं वायरिंग त्या बोटभर फटीतून बाहेर ओढायचं, आणि परत बसवताना प्रत्येक पॉटच्या दांड्याला दोरा बांधून, दोरा भोकातून वर काढून, मासे पकडावेत तसं एकेक ओढून जागेवर आणायचं. चौथा येतोय तोवर दुसरा आत पडतो. या कामाचे मी दुप्पट पैसे घेतो आणि कोणी कुरकुरलं तर त्याला शेजारी बसवून दाखवतो.

आता हाताचा भाग. फेंडरची तार नटपासून ब्रिजपर्यंत साडेपंचवीस इंच, गिब्सनची पावणेपंचवीस. पाऊण इंचाने काय होतं? तारा त्याच आणि सूर तोच ठेवला तर गिब्सनवरचा ताण साधारण सहा टक्क्यांनी कमी पडतो. स्ट्रॅटवरून लेस पॉल घेतली की तार लोण्यासारखी वर जाते असं वाटतं ते म्हणून. तू सतार जवळून बघितली असशील तर मिंडेला बोटाला किती जोर लागतो ते आठव. गिटारवर तार खेचण्याचं गणितही तेच. ब्लूज वादक स्टीव्ही रे व्हॉन स्ट्रॅटवर ०.०१३ इंचाच्या दोरखंडासारख्या तारा लावायचा, पण अर्धा सूर उतरवून. अर्धा सूर उतरला की ताण अकरा टक्के घटतो. त्याच्या नादाने सरळ सुरात तेराच्या तारा लावून मनगट धरून बसलेली दोन मुलं मी पाहिली आहेत.

पट्टीच्या (फ्रेटबोर्डच्या) गोलाईकडेही बघ. जुन्या धाटणीच्या फेंडरची पट्टी सव्वासात इंच त्रिज्येच्या वर्तुळाची, चांगली फुगीर. कॉर्ड धरायला मऊ, पण तारा खाली ठेवून वरच्या फ्रेटवर तार खेचली की ती पुढच्या फ्रेटला टेकते आणि सूर मरतो. गिब्सनची बारा इंची, सपाट. आजच्या बऱ्याच फेंडर साडेनऊच्या असतात, ही चांगली तडजोड आहे. 'व्हिंटेज' शब्द पाटीवर दिसला की हे आधी विचार.

तर तुझ्यासाठी. तुझ्या पैशात गिब्सन किंवा अमेरिकन फेंडर येणार नाही, त्यांच्याच स्वस्त ब्रँडच्या, म्हणजे फेंडरच्या स्क्वायर आणि गिब्सनच्या एपिफोनच्या, वरच्या मालिका येतील, आणि त्यात काही कमी नाही. गिल्मोरही हवा, स्लॅशही हवा, आणि मंडपात घूं नको. मी घेतली असती मागे हंबकर आणि पुढे दोन सिंगल कॉइल असलेली स्ट्रॅट. ऑर्केस्ट्रात एका गाण्यात स्वच्छ कॉर्ड आणि पुढच्यात रॉकचा सोलो, गिटार बदलायला वेळ नाही, तिथे ती पुरून उरते. हिंदी गाण्यांच्या कामात स्ट्रॅट चालते का, ही शंका असेल तर एहसान नूरानींकडे बघ. त्यांच्या नावाची स्ट्रॅट खुद्द फेंडरने काढली. तरंगता ब्रिज पहिले सहा महिने लाकडाचा तुकडा ठोकून बंद ठेव. क्लॅप्टननेही तेच केलं होतं, पाचही स्प्रिंगा लावून वर पाचर मारून. तार तुटली तरी बाकीच्या सुरात राहतात.

मात्र लेस पॉल हातात घेतलीस आणि चार किलोंच्या वर वजन असूनही खाली ठेवावीशी वाटली नाही, तर माझं ऐकू नकोस. ज्या गिटारीला हात सारखा जातो तिच्यावर रियाज होतो. मंडपासाठी एवढंच सांगेन की तीन तास उभं राहून बघ, बसून नाही.

दुकानात अँप लावायच्या आधी कोरडीच वाजव. डोक्याकडून नेकच्या कडेने, बंदूक धरल्यासारखं एक डोळा मिटून बघ. नेक पिळलेली असेल तर घेऊ नकोस, पिळाला औषध नाही. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम दाब. मधे सातव्या-आठव्या फ्रेटपाशी व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढीच फट हवी. फट जास्त असेल तर ट्रस रॉडने दुरुस्त होते, पण दुकानदाराला तुझ्यासमोर पाव वळण फिरवायला सांग; रॉडचा नट फिरतच नसेल तर मुकाट्याने बाहेर पड. बाराव्या फ्रेटच्या पुढे पातळ तार पूर्ण एक सूर वर खेच आणि मरते का ऐक. मग कडेवरून तळहात फिरव. आपल्या घाटावरच्या कोरड्या हवेत पट्टीचं लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं करवतीसारखी बाहेर येतात; खरचटलं तर ते कानसीने जाईल, पण किमतीत धर.

सगळ्यात शेवटी अँप. तिथे तुला कोणीतरी मोठा डिस्टॉर्शनचा पेडल देईल, तो बाजूला ठेव. व्हॉल्यूम पूर्ण उघड, स्वच्छ आवाजात पाचही खटके फिरव, मग व्हॉल्यूम निम्म्यावर आणून पुन्हा. निम्म्यावर आवाज मुख्यतः लहान व्हायला हवा, थोडा बोदा होणं साहजिक आहे. फारच बोदा झाला तर आतलं वायरिंग सुधारावं लागेल. ते मी दोन तासांत बदलून देईन, पण गणपतीच्या आदल्या आठवड्यात आणू नकोस. तेव्हा टेबलावर अकरा गिटारी असतात आणि त्यातल्या चार तरी डोकं मोडलेल्या.